नोकरी गेली, वय ६१, मेडिकेअर ६५ ला: अमेरिकेतला हा मधला खड्डा आला कुठून

अमेरिकेत साठी ओलांडलेल्या माणसाची नोकरी गेली की पहिला दणका त्याच दिवशी बसतो आणि दुसरा काही दिवसांनी पोस्टाने येतो. कोब्राचं पत्र, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचा इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा असेल तर किती भरायचे ते सांगणारं. आणि मेडिकेअर, म्हणजे वयस्करांचा सरकारी इन्शुरन्स, सुरू होतो ६५ ला. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, ६१ वर्षांचे, सगळ्या ग्रुपचे टॅक्सचे प्रश्न सोडवणारे, त्यांच्या डायनिंग टेबलवर ते पत्र पडलेलं होतं आणि काकू विचारत होत्या, "अरे बघ ना जरा, हा आकडा महिन्याचा आहे की तीन महिन्यांचा?" महिन्याचाच होता.

काकांचा आकडा इथे सांगत नाही, सरासरी सांगतो. केएफएफ ही संस्था दरवर्षी कंपन्यांचा सर्व्हे करते, त्यात २०२५ ला एकट्या माणसाच्या पॉलिसीचा वर्षाचा प्रीमियम ९,३२५ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जायचे १,४४०. म्हणजे महिन्याला १२०. नोकरी गेली की तेच कव्हर, तेच कार्ड, तेच डॉक्टर, पण बिल साधारण ७९३, कारण आता कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा आणि वर २ टक्के कागदपत्रांच्या खर्चाचे. गंमत म्हणजे हा आकडा नवीन नसतोच. मोठ्या कंपन्यांच्या डब्ल्यू-टू वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या टॅक्स फॉर्मवर, १२ नंबरच्या बॉक्समध्ये डीडी कोडच्या पुढे तो दरवर्षी छापलेला असतो, पण त्याच्यावर टॅक्स लागत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काकांनीही कधी बघितलं नव्हतं, दुसऱ्यांचे डब्ल्यू-टू एवढे बघून.

तर मुळात तब्येतीचा इन्शुरन्स नोकरीला का बांधला हा प्रश्न. सुरुवात बऱ्याचदा १९२९ पासून धरतात, डॅलसला बेलर हॉस्पिटलमध्ये जस्टिन किंबॉल नावाच्या माणसाने शाळाशिक्षकांसाठी स्कीम काढली, महिन्याला ५० सेंट भरा आणि वर्षात २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च आमचा. ब्लू क्रॉस ही इन्शुरन्स संस्था त्यातूनच उभी राहिली. एकेकट्या माणसाला विकायचं तर आजारी तेवढेच येणार, त्यापेक्षा कामावर जाणारी सगळी माणसं एकदम घेतली की हिशोब बसतो, ही साधी आयडिया होती आणि बरोबरच होती. फक्त त्यात "कामावर जाणारी" ही अट सुरुवातीपासूनच होती ना.

पण नोकरी आणि इन्शुरन्सची खरी गाठ पडली ती युद्धात. १९४२ च्या ऑक्टोबरात महागाई रोखायला स्टॅबिलायझेशन ॲक्ट आला, पगार गोठवले, आणि माणसं तर युद्धावर गेलेली, कंपन्यांना कामगार मिळेनात. पगार वाढवता येत नाही पण इन्शुरन्स आणि पेन्शनला पगारात धरायचं नाही अशी सूट होती, मग कंपन्यांनी तेच द्यायला सुरुवात केली. पुढे टॅक्स खात्यानेही कंपनी जो प्रीमियम भरते तो कामगाराचं उत्पन्न नाही असं मानलं आणि १९५४ च्या टॅक्स कायद्यात ते पक्कं झालं. १९४९ ला इनलँड स्टील या पोलाद कंपनीच्या केसनंतर युनियनलाही या सोयींवर वाटाघाटी करायचा हक्क मिळाला. दरम्यान अध्यक्ष ट्रुमन १९४५ ला सगळ्यांसाठी सरकारी इन्शुरन्स आणू बघत होते, डॉक्टरांच्या संघटनेने हा समाजवाद आहे म्हणून हाणून पाडला. म्हणजे विचार करून ठरवलेली योजना पडली आणि युद्धातली पळवाट कायमची झाली.

आता यात म्हाताऱ्या माणसांचं काय झालं ते बघा. ब्लू क्रॉस सुरुवातीला सगळ्यांना एकच भाव लावायचं, तरुण असो की म्हातारा. पुढे खाजगी इन्शुरन्स कंपन्या जोरात आल्या, त्यांनी तरुण कामगारांच्या ग्रुपला स्वस्त भाव द्यायला सुरुवात केली, चांगली गिऱ्हाइकं तिकडे गेली, मागे उरले वयस्कर आणि आजारी, म्हणून त्यांचा भाव वाढला, की आणखी थोडे सोडून गेले. शेवटी ब्लू क्रॉसलाही तोच धंदा करावा लागला. रिटायर झालेल्याला परवडणारं काही मिळेना म्हणूनच ३० जुलै १९६५ ला अध्यक्ष जॉन्सननी मेडिकेअरवर सही केली, मुद्दाम ट्रुमनच्या गावी मिझुरीत इंडिपेंडन्सला जाऊन, आणि पहिलं कार्डही ट्रुमनलाच दिलं.

६५ हे वय कुठून आलं? बिस्मार्कने ठरवलं असं एक फॉरवर्ड फिरत असतं, ते चूक आहे. जर्मनीत सुरुवातीला ७० होतं, ६५ झालं १९१६ ला, बिस्मार्क गेल्यावर. अमेरिकेने १९३५ ला सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, ६५ घेतलं कारण तेव्हा राज्यांच्या पेन्शन योजनांत कुठे ६५ होतं कुठे ७०, आणि रेल्वेच्या पेन्शनमध्ये ६५. तब्येत कधी बिघडते, कामावरून कधी काढतात याच्याशी त्या आकड्याचा तसा काही संबंध नाही. मेडिकेअरने तोच उचलला. झालं, एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला ६५, आणि मध्ये जो पडेल तो पडला. १९७२ ला अपंगांना ६५ च्या आधी मेडिकेअर मिळायची सोय झाली, तीही २४ महिने थांबल्यावर.

बरीच वर्षं हे फारसं कुणाला जाणवलं नाही कारण मोठ्या कंपन्या रिटायर झालेल्यांनाही कव्हर द्यायच्या. १९८८ ला मोठ्या कंपन्यांपैकी ६६ टक्के देत होत्या. मग १९९० च्या डिसेंबरात अकाउंटिंगचा एक नियम आला, फॅस १०६, की पुढे रिटायर लोकांच्या औषधपाण्याला जे पैसे लागणार ते आजच ताळेबंदात देणं म्हणून दाखवा. ते आकडे बघून डायरेक्टर लोकांना घाम फुटला असणार. नियमाने एकही पैसा नवीन लागत नव्हता, होतं ते फक्त उघड झालं, पण कंपन्यांनी सोयी छाटायला सुरुवात केली आणि पुढे ते प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कमी चर्चा झालेला भाग हाच आहे.

कोब्रा आला या नियमाच्याही आधी. १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती, कारखाने बंद, आणि नोकरीबरोबर इन्शुरन्सही जातो हे पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांच्या अंगावर आलं. ७ एप्रिल १९८६ ला रेगननी एका बजेट बिलावर सही केली, त्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे कोब्रा, इन्शुरन्सचं कलम त्यात मध्येच कुठेतरी होतं. २० किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर नोकरी गेल्यावर १८ महिने तेच कव्हर चालू ठेवता येईल, ६० दिवसांत सांगायचं, १०२ टक्के भरायचे. सरकारचा एक डॉलर त्यात नाही. पण एक आहे, कोब्राचा भाव सगळ्या ग्रुपच्या सरासरीचा असतो, त्यामुळे तिशीतल्याला तो महाग पडतो आणि साठीच्या माणसाला बाहेरच्या मानाने स्वस्त. तेव्हा बाहेर तर मधुमेह आहे म्हटल्यावर सरळ नाही म्हणायचे. १९९६ च्या हिपा कायद्याने कोब्रा पूर्ण संपवलेल्याला पॉलिसी नाकारता येणार नाही असं केलं, पण भाव किती लावायचा याला त्या कायद्यात काही लगाम नव्हता. दार उघडं आणि तिकीट वाटेल ते.

१९९८ च्या जानेवारीत क्लिंटननी खड्डा सरळ बुजवायची गोष्ट काढली होती, ६२ ते ६४ च्या लोकांना महिन्याला साधारण ३०० डॉलर भरून मेडिकेअर विकत घेऊ द्या, आणि ५५ ते ६१ मध्ये नोकरी गेली असेल तर साधारण ४०० ला. काँग्रेसमध्ये काही झालं नाही. नंतर आलं ते सगळं ठिगळ. २००९ च्या मंदीत कोब्राचा ६५ टक्के भार सरकारने काही महिने उचलला, कोविडमध्ये २०२१ ला एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण १०० टक्के, मग बंद.

ठिगळ नव्हतं ते एकच, ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला इन्शुरन्सचा कायदा. २०१४ पासून आधीचा आजार आहे म्हणून नकार देता येत नाही, जास्त भावही लावता येत नाही. वयाचा भाव मात्र लावता येतो, २१ वर्षांच्या माणसाच्या फार तर ३ पट. त्याचं कोष्टकच आहे: २१ ला १, ४० ला १.२७८, ५० ला १.७८६, ६० ला २.७१४ आणि ६४ ला बरोबर ३. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाचा फरकच करत नाहीत, मॅसॅच्युसेट्समध्ये २ पट. २०१७ ला हाऊसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, पास केलेल्या बिलात हे ३ चं ५ करायचं होतं आणि प्रीमियमसाठी सरकार देतं ती सबसिडीही बदलायची होती, त्याच्या पहिल्या मसुद्यावर काँग्रेसच्या बजेट ऑफिसने उदाहरण दिलं होतं की २६,५०० डॉलर कमावणाऱ्या ६४ वर्षांच्या माणसाचा सबसिडी वजा जाता वर्षाचा प्रीमियम १,७०० वरून १४,६०० वर जाईल. सिनेटमध्ये ते बारगळलं.

पण ३ पट म्हणजेही बरेच झाले, ते झेपतं ते सबसिडीमुळे, आणि उत्पन्न गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांवर गेलं की सबसिडी एकदम तुटायची. २०२१ ला ती कडा काढून टाकली, बेंचमार्क प्लॅनला, म्हणजे सबसिडी ज्या ठरावीक प्लॅनवरून मोजतात त्याला, उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त भरायला लागू नये असं केलं, पण मुदत २०२५ अखेरपर्यंतच. ती वाढवायची की नाही यावरून सरकार ४३ दिवस बंद राहिलं, मुदत वाढली नाही. २०२६ ला कडा परत आली, एकट्या माणसाला ६२,६०० डॉलरवर. आणि उत्पन्नात काय काय धरतात? बेकारी भत्ता धरतात, फोर-ओ-वन-के या रिटायरमेंटच्या खात्यातून काढलेले पैसेही धरतात. म्हणजे छत गळतंय म्हणून तिथून दोन हजार जास्त काढले आणि कडेच्या पलीकडे गेलात तर सबसिडी शून्य, आणि २०२६ पासून वर्षभर घेतलेली सगळी टॅक्सच्या वेळी परत द्यायची.

कोब्रातही एक सापळा आहे, तो सांगून ठेवतो कारण आपल्या लोकांत बरेच जण यात अडकतात. ६५ झाले की मेडिकेअर पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घ्यावं लागतं, कोब्रा आहे म्हणून थांबलं तर चालत नाही कारण कोब्रा हे "सध्याच्या नोकरीचं" कव्हर धरत नाहीत. उशीर झाला तर दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड, तोही बहुतेकांना जन्मभर.

म्हणून इथे रिटायरमेंटच्या गप्पांत साडेत्रेसष्ट हे वय फार ऐकू येतं. त्या वयाला नोकरी सुटली तर कोब्राचे १८ महिने बरोबर ६५ ला नेऊन सोडतात. काकांनी कोब्राच घेतलं, ऑगस्टपर्यंत वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी स्वतः भरायची रक्कम, भरून झालं होतं, नवीन प्लॅनमध्ये ते परत शून्यापासून सुरू झालं असतं. पण साडेत्रेसष्टला त्यांची अडीच वर्षं कमी पडली.