सिट-स्कीइंग

मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे पायांतली शक्ती गेलेल्या व्यक्तींनी स्कीवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब अरुंद पट्टीवर, बसवलेल्या आसनात बसून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार. जन्मजात पाठीच्या कण्याचा दोष असलेले किंवा दोन्ही पाय कापावे लागलेले खेळाडूही तो खेळतात. जपानमध्ये याला ‘चेअरस्की’ म्हणतात.

या खेळाचे मुख्य साधन म्हणजे मोनोस्की. शरीराच्या मापाने घडवलेले खोलगट आसन, त्याखाली मोटारसायकलला असतो तसा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सर्वांत खाली एकच स्की, अशी त्याची रचना असते. खालची स्की दुकानात मिळणारी नेहमीचीच असते. चौकटीच्या तळाला बुटाच्या तळव्यासारखी पट्टी असते आणि ती स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे एरवी बूट पकडणाऱ्या खटक्यात, खटकन बसते. उभ्याने स्की करणाऱ्याचे गुडघे खाचखळगे झेलतात. इथे ते काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. दोन्ही हातांत आउटरिगर असतात. म्हणजे कोपरापर्यंत येणाऱ्या कुबड्याच, फक्त टोकाला वीतभर-दीड वीत लांबीची छोटी स्की. दोरी ओढली की ती छोटी स्की उभी राहते आणि तिचे टोक बर्फात रुतवून पुढे सरकता येते. दोरी सोडली की ती आडवी होऊन घसरायला मोकळी.

ज्यांचा धडावरही ताबा नाही किंवा हातांत पुरेसे बळ नाही, त्यांच्यासाठी बायस्की असते. तिला शेजारी-शेजारी दोन स्की असतात आणि आसन जमिनीलगत असते. मागून प्रशिक्षक दोर धरून वेग आवरतो.

कोण किती वळू शकेल हे दुखापत कुठल्या मणक्यापाशी झाली त्यावर ठरते. छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला दुखापत असेल तर संवेदना साधारण बेंबीपर्यंत शाबूत असतात आणि पोटाचे वरचे स्नायू थोडेफार साथ देतात. दुखापत त्याहून बरीच वर असेल तर वळताना फक्त डोके, खांदे आणि हात कामाला येतात. म्हणून आसनाची पाठही त्या मानाने उंच ठेवतात. आसन सैल असून चालत नाही. कंबर आत इंचभर हलली तरी वळणाचा इशारा स्कीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वीचा पट्टे आवळण्याचा कार्यक्रमच लांबलचक असतो: पाय हाताने उचलून जागेवर ठेवायचे, खिशातली चावी आणि नाणी काढून टाकायची, मांडीखालच्या कापडाला चुणी पडलेली नाही ना हे बोटांनी चाचपायचे, मग एकेक पट्टा ओढायचा.

नवख्या माणसाला उताराची धास्ती वाटते, पण खरी परीक्षा असते चेअरलिफ्टची. ही आपल्याकडच्या रोपवेसारखी, फक्त साधारणपणे न थांबता फिरत राहणारी बाकांची रांग. मोनोस्कीचे आसन बाकापेक्षा खाली असते. त्यामुळे बाक मागून यायच्या बेताला खेळाडू एक दांडा ओढून शॉक अ‍ॅब्सॉर्बर मोकळा करतो, आउटरिगरवर भार देऊन पुढे झुकतो आणि आसन वर उचलतो; बाक त्याखाली सरकतो. वर पोहोचल्यावर बाकावरून पुढे ढकलून घ्यायचे, आसन पुन्हा खाली खटक्यात बसते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे कौतुक सगळे करतात, पण कुणी न उचलता एकट्याने डोंगरावर जाता आले ते या साध्या दांड्यामुळे.

इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी कुबड्यांना छोट्या स्की लावल्या. आउटरिगर हे त्यांचेच देणे. पण त्या पद्धतीला एक तरी धडधाकट पाय लागतो. १९७६ साली स्वीडनमध्ये ओर्नशोल्डस्विक येथे पहिली हिवाळी पॅरालिम्पिक झाली, तीत अवयव गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडूच होते. व्हीलचेअरवरच्यांना जागा नव्हती. १९७५ मध्ये गिर्यारोहणाच्या अपघातात पाय लुळे झालेले अमेरिकी अभियंते पीटर अ‍ॅक्सेलसन यांनी पुढे ‘अरोया’ नावाची घसरगाडी तयार केली. १९८० च्या दशकात मोनोस्की पुढे आली आणि १९८८ च्या इन्सब्रुक पॅरालिम्पिकमध्ये बसून स्की करणाऱ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेचे ख्रिस वॅडेल स्की करतानाच पडून जायबंदी झाले. वर्षभरात ते मोनोस्कीवर बसले आणि पुढे हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १२ पदके मिळवली.

स्पर्धेत बैठ्या खेळाडूंचे एलडब्ल्यू-१० ते एलडब्ल्यू-१२ असे वर्ग असतात. धडावर ताबा जितका कमी तितका आकडा लहान. २००६ पासून या सर्वांना एकाच पदकासाठी उतरवतात आणि प्रत्यक्ष वेळेला वर्गाच्या गुणकाने गुणतात. समजा गुणक ०.८ असेल, तर १०० सेकंदांची धाव ८० सेकंदांची धरली जाते. साहजिकच गुणकांवरून कुरबुरी चालूच असतात. जर्मनीच्या आना शाफेलहुबर यांनी २०१४ मध्ये सोचीच्या पॅरालिम्पिकमध्ये पाच सुवर्णपदके जिंकली. त्यांपैकी स्लालमच्या, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीत, सुरुवातीला आउटरिगर स्थिर नव्हते या कारणावरून त्यांना आधी बाद केले होते. दाद मागितल्यावर पदक मिळाले. जपानच्या मोमोका मुराओका यांनी २०२२ मध्ये बीजिंगला तीन सुवर्णपदके घेतली आणि त्याआधी टोकियोत व्हीलचेअर शर्यतीतही त्या धावल्या होत्या. उतारावरच्या सर्वांत वेगवान शर्यतीत मोनोस्की ताशी १०० किमीच्या पुढे जाते.

धोके वेगळ्या जातीचे असतात. पाय गारठल्याचे कळत नाही, म्हणून हिमदंश लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पायांची हाडे ठिसूळ झालेली असतात; मोडले तरी दुखत नाही. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना आणखी एक भीती असते. लघवीची नळी पट्ट्याखाली दुमडली किंवा मूत्राशय तुंबले, तर रक्तदाब एकदम चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. अशा वेळी आधी माणसाला ताठ बसवून पट्टे सैल करायचे आणि नळी पाहायची. काही खेळाडू जोर वाढावा म्हणून रक्तदाब असा मुद्दाम चढवून घेत. या ‘बूस्टिंग’वर पॅरालिम्पिक संघटनेची बंदी आहे. आसनाचा कडा दिवसभर काचून कातडीवर दाबव्रण होतो, तोही न कळता. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर जाणते खेळाडू आधी आरसा घेऊन माकडहाड आणि मांड्यांची मागची बाजू पाहतात. तिथे लाल डाग दिसला आणि दाबूनही पांढरा पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी आसनात बसायचे नाही.