हिपॅटायटिस सी विषाणूचा यकृतपेशीतील प्रवेश

रक्तातून आलेला हिपॅटायटिस सी विषाणू यकृतपेशीवरील ग्राही (बाहेरील रेणू पकडणाऱ्या) प्रथिनांना चिकटून आत शिरण्याची प्रक्रिया. फ्लॅविव्हिरिडी कुलातील हा आरएनए विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. पेशीसंवर्धनात तो पूर्णपणे वाढू लागला तो मात्र २००५ मध्ये, एका जपानी रुग्णापासून मिळालेल्या जेएफएच-१ या वाणामुळे. त्याआधीचे निष्कर्ष बहुतांशी विषाणूच्या आवरणावरील ई१ व ई२ या प्रथिनांपैकी सुट्या ई२वर किंवा छद्मकणांवर (दुसऱ्या विषाणूच्या गाभ्यावर ही प्रथिने बसवून केलेल्या कणांवर) आधारलेले असल्याने ते जपून वापरावे लागतात.

रक्तातील विषाणुकण लिपोप्रथिनांशी (मेद वाहून नेणाऱ्या कणांशी) जोडलेला असतो. एलडीएल या लिपोप्रथिनाच्या ग्राहीलाही तो चिकटतो. पण त्या वाटेने आत गेलेल्या कणांपासून संसर्ग होतोच असे नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रवेशास आवश्यक ठरलेले पेशीपटलावरील चार प्रथिन घटक (कंसात शोधाचे वर्ष) म्हणजे एसआर-बी१, सीडी८१ (१९९८), क्लॉडिन-१ (२००७) व ऑक्लुडिन (२००९). यांपैकी सीडी८१ व ऑक्लुडिन मानवी असावे लागतात. उंदराच्या पेशीत विषाणूला सहसा शिरकाव मिळत नाही, त्याचे एक कारण हेच.

ई२ सीडी८१ला जोडले गेले की पेशीत संकेत सुरू होतात. ईजीएफआर हा वाढघटकाचा ग्राही उद्दीपित होतो, रास प्रथिनामार्फत संकेत पुढे जातो आणि पटलात सरकणारे सीडी८१ क्लॉडिन-१जवळ येते. रो गटातील प्रथिने पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन तंतूंची मांडणी बदलतात. एरलोटिनिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषधाने ईजीएफआर रोखल्यास संवर्धनात प्रवेश मंदावतो, असे २०११ मध्ये दाखवले गेले. कण आधी पेशीच्या रक्ताकडील बाजूस चिकटून मग दोन पेशींमधील घट्ट जोडाकडे सरकतो, असे त्रिमितीय संवर्धनातील निरीक्षण आहे. सपाट थरातील पेशींना यकृतातल्यासारख्या निश्चित बाजू नसल्याने हे आधी नीट दिसत नव्हते.

पुढे क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या आवरणातून कण एंडोसोममध्ये (पेशीतील पुटिकेत) पोचतो व तेथील आम्लतेत विषाणू व एंडोसोम यांची पटले एकरूप होतात. हे घडवणारे प्रथिन कोणते, हा वाद जुना आहे. नात्यातील डेंगी विषाणूच्या पटले जोडणाऱ्या प्रथिनावरून ई२कडे बोट दाखवले जाई. पण २०१३-१४ मध्ये मिळालेल्या स्फटिकरचनांत ई२ला तशी घडण आढळली नाही. तेव्हापासून कल ई१कडे, किंवा दोघांच्या जोडीकडे आहे.

शेजारच्या पेशीत थेट पसरण्याचाही मार्ग आहे. बाहेरील प्रतिपिंडे तेथे फारशी पोचत नाहीत. सध्याची थेट विषाणुरोधक औषधे प्रवेशावर नव्हे, तर पेशीतील विषाणूच्या प्रथिनांच्या जडणघडणीवर व प्रतिकृतीवर काम करतात.