डाएट प्लॅनने तब्येत बिघडली? ग्राहक आयोगातली तक्रार कुठे अडते

पैसे मोजून घेतलेल्या डाएट प्लॅनमुळे किंवा जिममधल्या ट्रेनरच्या सल्ल्यामुळे अपाय झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार भरपाई मागता येते. ‘पैसे मोजून’ हे महत्त्वाचं. मोफत सेवा या कायद्यात बसत नाही. फुकटची रील पाहून उपाशी राहिलेल्यांना फार तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. त्यातून दंड झाला तरी तो तुमच्या हातात पडत नाही.

तक्रार जिल्हा आयोगात, ऑनलाइनही करता येते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात चालते. कंपनीच्या अटींत बंगळुरूचं कोर्ट लिहिलंय म्हणून घाबरू नका. तक्रारीची फी मागितलेल्या भरपाईच्या आकड्यावर नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. तरीही आयोगाबाहेर बसलेले लोक ‘फी’ म्हणून पैसे उकळतात, याचा संताप येतो.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नोटीस पाठवली की मुदत नव्याने सुरू होते, हा समज पार चुकीचा. उशिराला सबळ कारण लागतं, तेही लेखी.

आता खरी अडचण. ट्रेनर रोख घेतो, पावती देत नाही. निदान यूपीआयने द्या आणि रक्कम मेसेजमध्ये लिहून घ्या. प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असतो. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. हा कागद अनेकांकडे नसतो, आणि तो मूळ फोनमधल्या चॅटवरूनच करायचा असतो. म्हणून चॅट पुसू नका, फोन विकू नका.

अनेक प्रकरणं कोसळतात ती अपाय सल्ल्यामुळेच झाला हे दाखवताना. दवाखान्यात दाखल होताना लाजेपोटी पावडर, इंजेक्शन किंवा उपासाची गोष्ट लपवली जाते. मग डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेखच नसतो आणि समोरचा वकील म्हणतो, आजार आधीचाच होता. डॉक्टरांना सगळं सांगा, हिस्टरीत लिहून घ्या. तुमच्या उपचारासाठीही ते गरजेचंच आहे. प्लॅनच्या आधीचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही जोडा.

पावडरचा संशय असेल तर उरलेला डबा फेकू नका: त्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि बॅच नंबर लागतो, आणि आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.