फुफ्फुसातली गाठ आणि ॲरिझोनाची धूळ

सीटीच्या रिपोर्टमध्ये 'फुफ्फुसात गाठ' वाचलं की घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच शब्द येतो, कॅन्सर. त्यात पेट स्कॅनमध्ये (पेशी किती साखर खातात ते दाखवणारी तपासणी) ती गाठ चमकली तर मग विचारूच नका. पण अमेरिकेत ॲरिझोनाकडचे छातीचे डॉक्टर अशा वेळी अजून एक शंका मनात ठेवतात, ही व्हॅली फीवरची गाठ तर नाही ना?

व्हॅली फीवर म्हणजे कॉक्सिडिऑइडिस नावाच्या बुरशीचं इन्फेक्शन. ही बुरशी तिथल्या वाळवंटी मातीत असते, पावसात वाढते, माती सुकली की तिच्या धाग्यांचे बारीक तुकडे पडतात आणि वारा सुटला किंवा खोदकाम निघालं की धुळीबरोबर थेट आपल्या श्वासात. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला, दरडी कोसळून धुळीचे ढग उठले आणि पुढच्या काही आठवड्यांत २०० च्या वर लोक याने आजारी पडले!

फुफ्फुसात गेल्यावर ही बुरशी रूपच बदलते. तो तुकडा फुगून गोल होतो, आत शेकडो बीजाणू तयार होतात, मायक्रोस्कोपखाली अगदी दाण्यांनी भरलेलं डाळिंब वाटावं असं, आणि ते फुटलं की प्रत्येक दाण्याचं परत नवीन डाळिंब. शरीर त्याभोवती पेशींचा वेढा घालतं, तीच ही गाठ. पेट स्कॅनला सुईतून जी किरणोत्सारी साखर देतात ती कॅन्सरच्या पेशी भराभर खातात हे खरं, पण बुरशीशी लढणाऱ्या आपल्या पेशीपण भुकेल्या असतात, म्हणून दोन्हीकडे उजेड दिसू शकतो.

साधारण ६०% लोकांना तर काहीच त्रास होत नाही, त्यामुळे इन्फेक्शन कधी झालं तेच आठवत नाही. आता ॲरिझोनातल्या फिनिक्सला दोन-चार वर्षं नोकरी करून किंवा मुलाकडे राहून पुण्यात परत आलेल्या माणसाचं बघा. इथे एक्स-रेत डाग दिसला की आधी टीबी, मग कॅन्सर असाच विचार होणार, कारण ही बुरशी आपल्याकडच्या मातीतली नाहीच. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी 'मी ॲरिझोनात राहून आलोय' हे स्वतःहून सांगा, प्लीज.

अर्थात बुरशीच असेल म्हणून गप्प बसायचं नाही, कॅन्सर नाही हे पक्कं करायलाच लागतं. रक्ताची टेस्ट अशा जुन्या गाठीत बऱ्याचदा निगेटिव्ह येते, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी. त्यात ती डाळिंबं दिसली की निदान झालं, आणि तब्येत ठणठणीत असेल तर बहुतेकांना औषधही लागत नाही, नुसतं अधूनमधून सीटी काढून गाठ वाढत नाही ना एवढंच बघतात.