घरचे व्हिडिओ पीएसपीवर पाहताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीची साफसफाई झाली की आमच्या दुकानात पीएसपी, म्हणजे सोनीची हातात धरून खेळायची गेमची यंत्रं, यायला लागतात. मुलगा शिकून नोकरीला लागला, बंगळुरूला नाहीतर परदेशी गेला आणि त्याचा पीएसपी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडला. बॅटरी बदलली की बहुतेक वेळा यंत्र सुरू होतं. मग समोरून ठरलेला प्रश्न येतो : "आमच्या लग्नाची सीडी यात बघता येईल का हो?"

येईल, आणि चांगली दिसेल. मात्र सीडीतली फाइल जशीच्या तशी कार्डावर टाकून चालणार नाही. मधे काय करावं लागतं, ते इथे लिहिलं आहे. ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी हे वाचून खुशाल घरी करावं. आमच्याकडे काम देणाऱ्यांनीही वाचावं, म्हणजे आमच्याकडून नेमकं काय मागायचं ते कळेल.

एमपी४ आहे, तरी का चालत नाही?

सोनीने पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी आणला. स्क्रीन ४.३ इंची, ४८० बाय २७२ पिक्सेलची. त्या काळात हातात मावणाऱ्या यंत्राला ही स्क्रीन फारच देखणी होती, आणि खरं सांगायचं तर आजही डोळ्यांना सुखद वाटते. व्हिडिओ उलगडण्याचं काम आतला एक खास भाग करतो. त्याला जे शिकवलं आहे तेवढंच तो करतो, नवं काही शिकत नाही.

एमपी४ हा नुसता डबा आहे. आत पोळी आहे की भाकरी, ते झाकणावरून कळत नाही. आजच्या फोनमधल्या एमपी४ फाइलमध्ये बहुधा हाय प्रोफाइलचा एच.२६४ किंवा त्याहून नवा एच.२६५ व्हिडिओ असतो. ही व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींची नावं, आणि प्रोफाइल म्हणजे त्या पद्धतीची पायरी; हाय ही मेनच्या वरची. पीएसपीला मेन प्रोफाइलपर्यंतचा एच.२६४ किंवा साधा एमपीईजी-४ लागतो, आणि आवाज एएसी. एमकेव्ही आणि एव्हीआय हे एमपी४सारखेच दुसरे डबे. एमकेव्ही त्याला कळतच नाही. एव्हीआय कळतो, पण फक्त मोशन जेपेग प्रकारचा. म्हणून एखादी फाइल मेनूत दिसते आणि उघडायला गेलं की यंत्र नकार देतं. फाइल खराब झाली असं समजून ती पुसू नका, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ती उत्तम चालत असेल.

यंत्राचं फर्मवेअरही, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, पाहावं लागतं. सुरुवातीच्या फर्मवेअरवर कार्डावरचा व्हिडिओ ३२० बाय २४० एवढ्याच पिक्सेलपुरता मर्यादित होता. म्हणजे यंत्राची स्क्रीन मोठी आणि तिच्यावर चालणारा व्हिडिओ लहान! २००७ साली आलेल्या ३.३० फर्मवेअरने ही अडचण सोडवली. तेव्हापासून ४८० बाय २७२ आणि ७२० बाय ४८० हे आकार चालू लागले. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात अजून जुनंच फर्मवेअर सापडतं, म्हणून कामाआधी आम्ही ते तपासतो.

लग्नाची डीव्हीडी : इथे घाई करू नका

या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि आमचा जीवही इथेच सगळ्यात जास्त गुंतलेला आहे.

आपल्याकडचं चित्रीकरण पाल पद्धतीचं. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. पीएसपीची मजल ४८० ओळींपर्यंत. त्यामुळे डीव्हीडी नुसती एमपी४ करून ओळी ५७६ ठेवल्या, तर फाइल चालणार नाही. बाजारातले काही झटपट कन्व्हर्टर ही अडचण चित्र दाबून सोडवतात, आणि तिथून पुढे बिघडत जातं.

पहिली गोष्ट चेहऱ्यांची. जुनं लग्नाचं चित्रीकरण ४:३ आकाराचं असतं, पीएसपीची स्क्रीन लांबट. २७२ ओळींच्या उंचीला ४:३ चित्राची योग्य रुंदी साधारण ३६२ पिक्सेल येते. तेच चित्र ४८० पर्यंत ताणलं की प्रत्येक माणूस जवळजवळ एक तृतीयांशाने रुंद होतो. उलट, ७२० बाय ५७६ हे आकडे जसेच्या तसे धरून हिशेब केला तर माणसं किंचित बारीक आणि उंच दिसतात, कारण डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. सुरुवातीच्या काळात आम्ही एका काकूंना अशीच ताणलेली फाइल दिली होती. त्यांचे यजमान हयात नव्हते. काकूंनी दुकानातच थोडा वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हे आमचे हे वाटत नाहीत." आम्ही माफी मागून तेच काम पुन्हा करून दिलं. तेव्हापासून आमच्या दुकानातून ताणलेलं चित्र बाहेर जात नाही.

मग काही जण सुचवतात, झूम करून स्क्रीन भरा. तसं केलं तर चित्राच्या उंचीतला पाव भाग जातो. नवरदेवाचा फेटा आणि नवरीच्या मुंडावळ्या वर कापल्या जातात. खाली व्हिडिओवाल्याने हौसेने घातलेली चि. आणि चि. सौ. कां. ही नावंही जातात. आमचं स्पष्ट मत : दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवा. दोन मिनिटांत डोळ्यांना त्यांचा विसर पडतो.

दुसरी गोष्ट रेघांची. त्या काळचे कॅमेरे एक फ्रेम दोन भागांत टिपायचे, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते बेमालूम मिसळायचं. पीएसपीच्या स्क्रीनवर मात्र जे काही हलतं त्याला कंगव्यासारखे दात फुटतात. मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात त्या क्षणी नीट पाहा, उडणाऱ्या तांदळाचे तुकडे तुकडे झालेले दिसतील. याला डीइंटरलेस करणं, म्हणजे ते दोन भाग जुळवून सलग चित्र करणं, हाच उपाय, आणि त्यातला क्रम महत्त्वाचा : आधी डीइंटरलेस, मगच चित्राचा आकार लहान करायचा. क्रम उलटा झाला तर दात चित्रात कायमचे लिंपले जातात, नंतर कशानेही निघत नाहीत. त्या दोन भागांपैकी पहिला कोणता हे चुकलं, तर वरात चालताना पुढे-मागे हिसके देते.

व्हीसीडीवाल्यांना एक दिलासा आहे. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, म्हणजे पीएसपीच्या स्क्रीनला जवळजवळ मापात बसणारं. मोठ्या टीव्हीवर धुरकट वाटणारी व्हीसीडी इथे आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ दिसते. कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडल्यावर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल दिसते, व्हिडिओ तिच्यात असतो.

बिटरेट, म्हणजे किती कंजूषी करायची

बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती माहिती खर्च करायची ते. आम्ही व्हिडिओला ७६८ आणि आवाजाला १२८ किलोबिट प्रति सेकंद ठेवतो. तासाला साधारण ४०० एमबी होतात, म्हणजे तीन तासांचं लग्न सव्वा जीबीच्या आत बसतं. बोलण्याचा, मुलाखतीचा किंवा शाळेतल्या भाषणाचा व्हिडिओ याच्या निम्म्यातही चालेल. लग्न चालणार नाही. शालूची जर, फुलांच्या माळा, मांडवातली गर्दी आणि त्यावर अक्षता, एवढं सगळं एकदम हललं की कमी बिटरेटचं चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटतं. जागा वाचवायचीच असेल तर पंगतीचं लांबलचक चित्रीकरण वेगळं काढा, मंगलाष्टकांच्या वेळची गुणवत्ता कमी करू नका.

देवनागरी

पीएसपीच्या मेनूत मराठी किंवा हिंदी भाषा नाही. फाइलची नावं रोमन अक्षरांतच ठेवा, देवनागरी नावं नीट दिसत नाहीत. आम्ही यावर एक वाट काढली आहे. प्रत्येक व्हिडिओसोबत त्याच नावाचं, १६० बाय १२० पिक्सेलचं छोटं चित्र टीएचएम या शेवटाने ठेवलं, तर मेनूत ते व्हिडिओच्या जागी दिसतं. त्या चित्रावर आम्ही ठळक देवनागरीत लिहितो : साखरपुडा, हळद, सीमांत पूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात. लग्नाचे असे तुकडे केले की आजीलाही हवा तो भाग सापडतो, तीन तास पुढे पळवत बसावं लागत नाही. आम्हाला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त आनंद हा भाग देतो.

उपशीर्षकांचंही तसंच. बाजूला ठेवलेली एसआरटी फाइल पीएसपी वाचत नाही. अक्षरं चित्रातच कोरावी लागतात, आणि २७२ ओळींच्या स्क्रीनवर ती टीव्हीवरच्यापेक्षा प्रमाणाने बरीच मोठी हवीत. कोरल्यानंतर 'क्ष', 'त्र', 'र्य' अशी जोडाक्षरं नीट जुळली आहेत ना, वेलांटी योग्य जागी आहे ना, एवढं नक्की पाहा. काही सॉफ्टवेअर अजूनही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला नेऊन ठेवतात.

फोनवरचे व्हिडिओ

उभा धरून काढलेला व्हिडिओ पीएसपीवर मधोमध जेमतेम १५३ पिक्सेलची पट्टी होतो. त्यापेक्षा तो आडवा फिरवून घ्या आणि पाहताना पीएसपी उभा धरा, नातवंडं ते लगेच शिकतात. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत चित्रीकरण करतो, त्यामुळे कन्व्हर्ट केल्यावर ओठ आणि आवाज यांची ताटातूट होते. वेग स्थिर ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ३० करा.

घरी करणाऱ्यांसाठी

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. डबा एमपी४, व्हिडिओ एच.२६४, प्रोफाइल मेन, लेव्हल ३.०. फ्रेम आपल्या डीव्हीडीसाठी २५, स्थिर. डीइंटरलेस चालू. आकार ४८० बाय २७२, उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या. आवाज एएसी, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ. प्रगत सेटिंगमध्ये रेफरन्स फ्रेम ३ ठेवा आणि बी-पिरॅमिड बंद करा. एवढं करूनही फाइल चालली नाही, तर बहुतेक वेळा दोष या शेवटच्या दोन गोष्टींत सापडतो.

संपूर्ण लग्न कन्व्हर्ट करायला लावण्याआधी अक्षता उडतानाची दोन मिनिटं करून पाहा. ती नीट निघाली तर बाकीचं नीट निघेल.

फाइल कार्डावर टाकायला पीएसपीत सेटिंग्जमधून यूएसबी कनेक्शन निवडा. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना यायची तीच मिनी यूएसबी केबल लागते, फक्त ती डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. कार्डाच्या मुळाशी व्हिडिओ नावाचा फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरांत करा आणि फाइल त्यात ठेवा.

कार्डाबद्दल दोन गोष्टी जपून

पीएसपीत मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते. अडॅप्टर घालून मायक्रोएसडीही चालतं, आणि आता बहुतेकांसाठी तोच सोपा मार्ग आहे. बाजारात बनावट मेमरी स्टिक पुष्कळ आहेत. वर ३२ जीबी छापलेलं असतं, आत जागा त्याच्या अंशानेही नसते, आणि भरत गेलं की आधीच्या फाइल गुपचूप खराब होतात. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासल्याशिवाय वापरू नका. तुम्ही बाहेरून आणलेलं कार्ड आम्ही मोफत तपासून देतो.

दुसरी गोष्ट : जुनं कार्ड फॉरमॅट करू नका. त्यावर मुलाने शाळेत असताना खेळलेल्या गेमची सेव्ह असते. घरच्यांना ती कचरा वाटते, पण परदेशातला मुलगा सुट्टीत घरी आला की पहिल्यांदा तीच शोधतो. आम्ही कुठल्याही कार्डाला हात लावण्याआधी त्यावरचं सगळं बाजूला काढून ठेवतो आणि काम झाल्यावर परत जागेवर ठेवतो.

आणताना

पीएसपीचं मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगलेली आहे. ती दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, तशीच घेऊन या. जुन्या बॅटरी आम्ही ई-कचऱ्यात देतो.

यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमची छोटी डिस्क, हिच्यावर तुमचा व्हिडिओ भरून देता येणार नाही. ती फक्त वाचण्याची डिस्क आहे, तिच्यावर लिहिणारं यंत्र ग्राहकांसाठी कधी विकलंच गेलं नाही. पीएसपी गो मॉडेलमध्ये यूएमडी नाही आणि कार्डही वेगळं लागतं, म्हणून फोन करताना मॉडेल सांगा. पीएसपीनंतर आलेल्या व्हिटाचं कामही करतो, त्याचे नियम वेगळे आहेत. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या आणि नाटकांच्या डिस्क आम्ही कन्व्हर्ट करत नाही. तुमचं स्वतःचं चित्रीकरण असेल तेवढंच घेतो.

पैसे फुटेजच्या तासांवर घेतो. आधी पाच मिनिटांचा नमुना तुमच्याच पीएसपीवर दाखवतो, तो पसंत पडला तरच पुढचं काम. पीएसपीसाठी केलेली फाइल हीच मूळ प्रत समजू नका. डीव्हीडीवरचं चित्र तिच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि जुन्या डिस्क वर्षागणिक खराब होत जातात. म्हणून त्याच खेपेत डीव्हीडीची संपूर्ण प्रत आम्ही तुमच्या पेन ड्राइव्हवर वेगळे पैसे न घेता करून देतो. पेन ड्राइव्ह तेवढा सोबत आणा, ८ जीबीचा पुरेल. आणि न्यायला याल तेव्हा, ज्यांचं लग्न आहे त्यांनाच शक्यतो बरोबर घेऊन या. चेहरे बरोबर दिसतात की नाही, ते त्यांनी सांगितलेलं आम्हाला हवं आहे.