बडोद्यातली ‘घरीच असणारी’ बायको किती जुनी?

सुती साडी, ठसठशीत कुंकू, पितळेची परात आणि तिच्यात मळलेली कणीक. खाली मजकूर, की नोकरी सोडली, घर सांभाळते, सुखात आहे. असे रील हल्ली मराठीतही दिसतात. अमेरिकेत या बायकांना ‘ट्रॅडवाइफ’ असं नावच पडलंय. त्याखाली ठरलेलं भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, आपल्या आज्या अशाच राहायच्या. दुसरी म्हणते, म्हणूनच नको. आज्या खरोखर तशा राहायच्या का, हे मात्र दोन्ही बाजू गृहीत धरतात.

बडोद्याच्या मराठी घरांपुरतं बोलायचं, तर राहत नव्हत्या.

अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक इथे आले आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे त्यांचे वाडे उभे राहिले. वाड्यातली सून घरीच असायची हे खरं, पण एकटी कधीच नसायची. सासू, जावा, नणंदा, बाळंतपणाला आलेली लेक आणि बहुतेक घरांत एखादी विधवा आत्या. निम्मा स्वयंपाक त्या आत्याच्या हातचा असायचा, पण तिला कोणी गृहिणी म्हटलं नाही. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला दोघी, सोऱ्या धरायला दोघी आणि गच्चीवर कावळे हाकायला घरातली सगळी पोरं. ते वाळवण आज फ्लॅटच्या गॅलरीत एकटीने करून बघावं, म्हणजे परंपरा नक्की कशाच्या जोरावर चालत होती ते कळतं.

दुसरं म्हणजे, विशीतली सून ‘घरची राणी’ वगैरे नव्हती. पैसा कर्त्या पुरुषाकडे, कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. त्या हातात यायला वीसेक वर्षं सहज जायची, कधी यायच्याही नाहीत. आणि हे सगळं खाऊनपिऊन सुखी घरांचं. शेतकरी, विणकर, भाजीवाल्यांच्या घरात बाई घरी बसली तर चूल पेटायची नाही. ‘आमची मंडळी घरीच असते’ हे वाक्य बायकोपेक्षा नवऱ्याच्या मिळकतीबद्दल जास्त सांगायचं.

याच गावात हे चित्र बदलायला राजवाड्याने हात घातला. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलगे 7 ते 12 वर्षांचे, मुली 7 ते 10. दोन वर्षांचा हा फरक बोलका आहे. मुलीला शिकवायचं, पण घरकामाची आणि लग्नाची वेळ येईपर्यंतच, एवढी तडजोड कायद्यालाही करावी लागली. बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1904 चा, हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा 1931 चा. उरलेल्या देशात अशी कायदेशीर तरतूद सर्वदूर व्हायला 1955 उजाडलं. म्हणजे नवरा-बायकोचं नातं मोडू शकतं आणि तेव्हा बाईचं काय, हा प्रश्न बडोद्याच्या कोर्टात चोवीस वर्षं आधी येऊन बसला होता.

सयाजीरावांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) या देवासच्या घाटग्यांच्या. 1885 साली लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या त्या गोषात. पुढे त्यांनी तो सोडला. 1911 मध्ये त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि बायकांना करता येण्याजोगे उद्योग हा त्याचा गाभा होता. 1914 मध्ये बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघालं. शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ अशी वाड्यात फुकट होणारी कामंच तिथे मोबदल्याची झाली. 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या. (आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र हे पुढारलेपण कमी पडलं. इंदिराराजेंनी 1911 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतःहून मोडलं आणि 1913 मध्ये आपल्या पसंतीने कूचबिहारच्या राजपुत्राशी केलं. आईवडिलांना ते बरेच दिवस पचलं नाही.)

मग आलं विद्यापीठ. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, कुलगुरू हंसा मेहता. बडोद्याच्या दिवाणांची ही मुलगी. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं ‘ऑल मेन’ बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावणाऱ्या त्याच या. त्यांच्या काळात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन. सासूकडून शिकायच्या गोष्टींची प्रयोगशाळा झाली. गावात त्याची टिंगलही झाली, की वरण-भाताला डिग्री कशाला? लग्नाच्या बाजारात ती डिग्री चालली हेही खरं. पण त्याच वर्गांतून आहारतज्ज्ञ आणि बालवाडीच्या शिक्षिकाही बाहेर पडल्या. घरकाम शिकायला गेलेल्या मुली पगार घेऊन घरी आल्या.

आता रीलमधल्या बाईकडे येऊ. एक पगार, एक नवरा, दोन मुलं, आणि दिवसभर घरात एकटी बाई. हे घर वाड्यातून आलेलं नाही, पगारपत्रकातून आलेलं आहे. अलेम्बिक ही औषध कंपनी 1907 ची, बँक ऑफ बडोदा 1908 ची. पण खरा जोर स्वातंत्र्यानंतर आला. 1962 मध्ये गुजरात स्टेट फर्टिलायझर, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी, 1969 मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी. कायम नोकरी, टाऊनशिपमधलं क्वार्टर, औषधोपचार, प्रॉव्हिडंट फंड. वाडा सुटला, सासूच्या किल्ल्या सुटल्या, गॅस आणि कुकर आले. जावाही सुटल्या, म्हणजे कामाला हात उरले नाहीत, त्यावर मुलांचा अभ्यास आला. आपल्यापैकी अनेकांना ‘आईच्या हातचं’ म्हणून जे आठवतं ते या क्वार्टरमधलं आहे. त्याला परंपरा म्हणायला माझी हरकत नाही, फक्त तिचं वय फार नाही आणि तिचा खर्च कारखान्याने उचलला होता.

तो आता उचलला जात नाही. आयपीसीएलची सूत्रं 2002 मध्ये रिलायन्सकडे गेली. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या भरतीतली, सैन्यदलं सोडून, जुनी पेन्शन गेली. कंत्राटावरचे तरुण इंजिनिअर गोत्री, वासणा रोडला हप्त्यावर फ्लॅट घेतात. मग एका पगारात भागतं का? काही घरांत भागतं. मला दिसतात त्या घरांत एक तर वडिलांचं घर असतं, किंवा खालच्या मजल्यावर आई असते, किंवा बाई घरबसल्या शिकवण्या, डबे, शिवण असं काही करते आणि तरीही स्वतःला ‘घरीच असते’ म्हणवते. उरलेल्यांची ओढाताण होते, आणि ती बहुतेक बाईच्या वाट्याला येते. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटं निघाला, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 88. नोकरी केली न केली, ही मिनिटं फारशी कोणी वाटून घेत नाही.

या कामाची किंमत लावायची वेळ आपल्याकडे आली ती अपघातांच्या खटल्यांत. 1989 च्या जमशेदपूर आगीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये मृत गृहिणींच्या कामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं. 2021 च्या निकालात पुन्हा सांगितलं, की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरायलाच हवं. तोवर ती बाई हयात नसते, हा या हिशेबातला विचित्रपणा.

हयात असताना तिच्या नावावर काय असतं, याचं बडोद्यातलं उत्तर मात्र गमतीचं आहे. गुजरातमध्ये घर बाईच्या नावाने घेतलं तर नोंदणीची 1 टक्का फी माफ होते. तेवढे पैसे वाचवायला म्हणून कितीतरी नवऱ्यांनी फ्लॅट बायकोच्या नावे केले. समानता वगैरे कोणाच्या मनातही नव्हती. पण दस्तावर सही तिची आहे, आणि आजीच्या वाड्यात ती कोणत्याच कागदावर नव्हती.