पावलोवच्या कुत्र्याआड झाकलेली संस्था

प्रतिक्षिप्त क्रियेचा विषय निघाला की घंटा, कुत्रा आणि लाळ एवढेच आपल्याला आठवते. घंटेच्या जोडीला अन्न देत राहिले की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलोव यांनी दाखवले. पण त्यांच्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये, त्याच काळात, अशी प्रतिक्रिया कशी शिकली जाते हा प्रश्न माणसाच्या बोटावर तपासला जात होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

व्लादिमीर बेख्तेरेव (१८५७–१९२७) हे मज्जासंस्था आणि मनोविकार या दोन्हींचे डॉक्टर. लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंट व मेंदूतज्ज्ञ फ्लेक्सिग आणि पॅरिसला मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे शिकून आल्यावर त्यांनी रशियातील कझान शहरात प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि १९०७ मध्ये पीटर्सबर्गमध्ये मनोमज्जाविज्ञान संस्था स्थापन केली. सरकारी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा होती. या खाजगी संस्थेत मात्र दोघांनाही प्रवेश होता.

त्यांची प्रयोगपद्धत मला फार सुंदर वाटते. बोटाला विजेचा सौम्य झटका बसला की ते झटकन मागे येते. ही उपजत क्रिया असून तिच्यासाठी मज्जारज्जू पुरतो. आता दर वेळी झटक्याच्या जोडीला एक ठरावीक स्वर वाजवायचा. असे अनेकदा घडल्यावर झटका नसतानाही, केवळ स्वर ऐकून, बोट मागे येऊ लागते. ही हालचाल काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर नोंदवता येते, आणि सपाट रेघेत मध्येच उठलेला तो लहानसा उंचवटा म्हणजे ऐकणे आणि हालचाल यांच्यात मेंदूने नवा संबंध जोडल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा असतो. आरंभी जवळपासच्या स्वरांनाही बोट हलते. पण झटका एकाच स्वराबरोबर देत राहिले, तर इतर स्वरांना मिळणारा प्रतिसाद गळून पडतो. झटका अजिबात न देता स्वर वाजवत राहिले, तर उंचवटा ठेंगणा होत जाऊन रेघ पुन्हा सपाट होते. लाळेच्या प्रयोगासाठी कुत्र्यावर शस्त्रक्रिया करावी लागे; इथे माणसाला टाचणीएवढीही जखम नाही. म्हणूनच ही पद्धत दवाखान्यात पोहोचली: बहिरेपणाचे सोंग घेणाऱ्याचे बोट स्वराला प्रतिसाद देऊन त्याला उघडे पाडू शके.

पुराव्याचा हाच आग्रह त्यांनी न्यायालयातही धरला. १९१३ मध्ये कीव येथे मेंदेल बेइलिस या ज्यू माणसावर धार्मिक विधीसाठी मुलाचा खून केल्याचा आरोप होता. ज्यू लोक विधीसाठी मुलांना मारतात, या अंधश्रद्धेला सिकोर्स्की या मनोविकारतज्ज्ञाने शास्त्राचा मुलामा दिला. बेख्तेरेव यांनी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून तो मुद्दा खोडून काढला आणि ज्यूरीने बेइलिसला निर्दोष सोडले. अंधश्रद्धा पदवीधराच्या तोंडून आली की अधिक घातक ठरते, असे मला हा खटला वाचताना वाटते. पुढे खुद्द बेख्तेरेव यांनीही प्राणी शिकवणाऱ्या दुरोव यांच्या कुत्र्यांवर ‘मनोमन आज्ञा’ पोहोचवण्याचे प्रयोग केले; माझ्या मते तिथे त्यांची नेहमीची कडक कसोटी सैल पडली.

डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांचा प्रतिक्षेपविज्ञानाचा, म्हणजे वर्तन प्रतिक्षिप्त क्रियांतून समजावणारा, संप्रदाय मागे पडला. संस्था मात्र टिकली. त्यांचेच नाव असलेल्या रस्त्यावर ती आज मनोविकार व मज्जाविकारांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून रुग्णांवर उपचार करते.